अद्भुताची मुळे

युरोपातील लोकांनी आफ्रिका खंडाला एकेकाळी 'अंधारखंड' असे नाव दिले होते. नाव देणाऱ्यांना त्या खंडाची फारशी माहिती नव्हती, एवढाच त्या नावाचा खरा अर्थ. एरवी कर्कवृत्त, विषुववृत्त आणि मकरवृत्त ही तिन्ही वृत्ते ज्याच्या अंगावरून जातात, असा पृथ्वीवर हा एकच खंड आहे. सूर्याची इतकी कृपा दुसऱ्या कोणावर नाही. त्याचा विस्तार सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारतासारखे नऊ देश त्यात सहज मावतील. तेथे वाळूचे सागर आहेत, तसेच विषुववृत्ताच्या शेजारी मस्तकावर हिम धारण करून उभे असलेले पर्वतही आहेत. समुद्राला कधीच न मिळणारी नदी आहे आणि वर्षभर चालत राहणारे पशूंचे कळप आहेत. ही नवले पाहावयास जगभरातून लोक येतात, थक्क होतात आणि परत जातात. परंतु डोळ्यांना दिसते ते केवळ फळ; त्याचे मूळ बहुधा दृष्टीच्या पलीकडे, कधी शेकडो कोस दूर, तर कधी लाखो वर्षे मागे असते. ते मूळ शोधीत गेले म्हणजे नवल ओसरत नाही, उलट वाढते.

खंडाच्या दक्षिण भागात झांबेझी नावाची मोठी नदी वाहते. झांबिया आणि झिंबाब्वे ह्या दोन देशांच्या सीमेवर ती एका ठिकाणी एकाएकी नाहीशी होते. दीड किलोमीटरहून अधिक रुंदीचे तिचे पात्र संथपणे पुढे येत असते. काठावर जाडजूड बुंध्यांचे बाओबाब वृक्ष उभे असतात. महाराष्ट्रात ज्याला गोरखचिंच म्हणतात, तोच हा वृक्ष. आणि मग पुढे पाणी नाही, केवळ आकाशात चढत जाणारे धुक्याचे स्तंभ! पुराच्या दिवसांत ते कित्येक कोसांवरून दिसतात आणि त्यांच्यामागून मेघगर्जनेसारखा आवाज येत राहतो. तेथील कोलोलो लोकांनी ह्या स्थळाला 'मोसी-ओआ-तुन्या' असे नाव दिले. 'गर्जणारा धूर' असा त्याचा अर्थ. १८५५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी कोलोलो नावाड्यांच्या होडीतून धबधब्याच्या अगदी तोंडाशी असलेल्या एका बेटावर उतरला आणि त्याने खाली वाकून पाहिले. त्याने धबधब्याला आपल्या राणीचे, व्हिक्टोरियाचे नाव दिले आणि जगाच्या नकाशात तेच रूढ झाले. पण राणीने तो धबधबा कधी पाहिला नव्हता; ज्यांनी तो रोज पाहिला आणि ऐकला, त्यांचे नाव अधिक खरे आहे, असेच कोणासही वाटेल.

हा धबधबा सुमारे १,७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच आहे. मोठ्या पुरात दर मिनिटास ५० कोटी लिटरांपर्यंत पाणी त्यावरून कोसळते. मात्र त्याची खरी गंमत आकड्यांत नाही, त्याच्या घडणीत आहे. इतर बहुतेक धबधब्यांत नदी कड्यावरून उडी घेते आणि पुढे तशीच वाहत जाते. येथे नदी जमिनीत पडलेल्या एका लांबट, अरुंद भेगेत पडते. ही भेग नदीच्या वाटेला आडवी आहे. म्हणून पाहणारा मनुष्य भेगेच्या दुसऱ्या काठावर, धबधब्याच्या अगदी समोर उभा राहू शकतो. तेथे तुषारांचा पाऊस बारा महिने झिमझिमत असतो आणि त्या पावसावर एक लहानसे हिरवेगार अरण्य पोसले आहे. चार पावलांपलीकडे मात्र रखरखीत माळ! पौर्णिमेच्या रात्री ह्या तुषारांत चंद्राच्या प्रकाशाने इंद्रधनुष्य उमटते. ते दिवसाच्या इंद्रधनुष्याइतके रंगीत नसते, फिकट असते. पण ते पाहिलेल्यांना दिवसाचे इंद्रधनुष्य पुढे थोडे भडक वाटू लागत असेल.

ही भेग आली कोठून? येथील खडक बेसॉल्ट जातीचा काळा कातळ आहे. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या मुलाला तो अनोळखी वाटणार नाही, कारण सह्याद्रीचा कातळही लाव्हारसाचे थरावर थर साचून असाच बनला. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. झांबेझीकाठचा त्याहून पुष्कळ जुना, सुमारे अठरा कोटी वर्षांचा. तो निवताना आणि पुढेही जमिनीच्या हालचालींमुळे त्याला भेगा पडल्या आणि त्या भेगांत मऊ माती-दगड भरले गेले. नदीला असे मऊ ठिकाण सापडले, की ती ते पोखरून काढते आणि त्यातच उडी घेते. काही हजार वर्षांनी तिला त्याच्या मागे दुसरी भेग सापडते. आजच्या धबधब्याच्या खाली ज्या नागमोडी घळई दिसतात, त्यांतील एकेक वळण म्हणजे एकेकाळचा धबधबा होय. नदी असे मागे सरत सरत आजच्या जागी आली आहे आणि येथेही ती थांबलेली नाही. पश्चिमेच्या टोकाला कडा इतर भागापेक्षा अधिक झिजला आहे; पुढची भेग उकरण्याचे काम तेथे सुरू झाले आहे.

पण धबधब्याला नुसता कातळ पुरत नाही, पाणीही लागते, आणि ते पाणी दूरच्या डोंगराळ मुलखात पडलेल्या पावसाचे असते. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदी आटते आणि कड्याचा पूर्वेकडचा पुष्कळसा भाग उघडा पडतो. ते नेहमीचेच आहे. २०१९ साली मात्र मोठे अवर्षण पडले आणि वर्षाच्या अखेरीस तो कोरडा, काळा कडा पाहून लोक हबकून गेले. धूर होता, पण थोडा, आणि गर्जना तर जवळजवळ नव्हतीच.

ज्या अंगोला देशातून झांबेझीला पुष्कळ पाणी मिळते, त्याच देशाच्या उंच पठारावर आणखी एक नदी उगम पावते. तिचे नाव ओकावांगो. तिची कथा झांबेझीहून निराळी आहे. नदीने समुद्राकडे जावे, हा सृष्टीचा नियम सर्वांनी शाळेत वाचलेला असतो. ओकावांगो समुद्राकडे पाठ फिरवून आग्नेयेस वळते आणि कालाहारीच्या वाळूत शिरते. बोट्स्वाना देशात तेथील जमीन भेगांमुळे खचून एक उथळ बशीसारखा खोलगट भाग तयार झाला आहे. त्यात ही नदी तळहाताच्या बोटांसारखी पसरते आणि तेथेच संपते. तिच्या पाण्यापैकी जेमतेम शंभरातले दोन-चार भाग पुढे झिरपतात. बाकीचे सर्व उन्हाने आणि झाडांच्या पानांवाटे हवेत मिसळून जाते.

ह्याहूनही विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. अंगोलातील पठारावर पाऊस पडतो तो साधारणपणे डिसेंबर ते मार्च ह्या महिन्यांत. ते पाणी हजाराहून अधिक किलोमीटरांची वाट चालून येते आणि खोलगट भागात पोहोचल्यावर तर त्याची चाल फारच मंदावते, कारण तेथे उतार जवळजवळ नाहीच. गवतातून, लव्हाळ्यांतून, वाळूत मुरत मुरत ते पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकाच्या माउन गावाजवळ जुलै-ऑगस्टच्या सुमारास पोहोचते. तेव्हा तेथे पावसाचा थेंब नसतो. आभाळ निरभ्र, माळ करपलेला, पाणवठे आटलेले. आणि अशा वेळी कोरड्या पात्रातून पाण्याची एक जीभ वाळलेली पाने आणि काटक्या पुढे ढकलीत हळूहळू येते. ती इतकी सावकाश येते, की तिच्याबरोबर चालत जाता येईल. सहा महिन्यांपूर्वी परक्या देशात पडलेला पाऊस दुष्काळात दारी येतो! हत्ती, रानम्हशी, हरणे आणि असंख्य पाखरे ह्या पाण्याभोवती गोळा होतात.

ह्या प्रदेशातील कित्येक बेटे वाळवीने बांधली आहेत, असे सांगितले तर ते प्रथम थट्टेचे वाटेल. वाळवी आपले वारूळ पाण्याच्या वर येईल इतके उंच रचते. त्यावर पाखरे बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाड उगवते. झाडांच्या मुळांनी ओढलेल्या पाण्याबरोबर येणारे क्षार बेटाच्या मध्यभागी साठत जातात आणि बेट वाढते. एखाद्या जुन्या बेटाच्या मधोमध क्षारांमुळे पांढरा, ओसाड तुकडा पडलेला असतो, पण भोवतीचे पाणी त्यामुळेच गोड राहते. एरवी इतके पाणी जेथे वाफ होऊन जाते, तेथे खारट सरोवरच व्हावयाचे.

२०१४ साली ओकावांगोच्या ह्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्या यादीतील ते हजारावे स्थळ. हे योग्यच झाले. परंतु मान मिळालेली भूमी बोट्स्वानात आहे आणि पाण्याचा उगम अंगोलात. त्या उगमाच्या मुलखात १९७५ ते २००२ पर्यंत यादवी युद्ध चालले होते. युद्ध संपले, तरी जमिनीत पुरलेले सुरुंग मागे राहिले आणि ते एकेक करून शोधून काढावे लागले. सुरुंगांच्या भीतीने माणसे तेथे फिरकत नव्हती, म्हणून उगमाकडची राने आणि झरे पुष्कळसे जसेच्या तसे राहिले, हा एक विचित्र योग म्हटला पाहिजे. आता तेथील लोकांना रस्ते, शेती आणि वीज हवी आहे, आणि त्यांचे ते मागणे चुकीचे नाही. मात्र वर नदीला बांध पडला, तर खाली पूर केव्हा आणि किती येईल, हे त्या बांधाच्या दारावर ठरेल. पाण्याची वाट पाहणाऱ्या हत्तीला ते कोण सांगणार?

आता नजर पूर्वेकडे वळवावी. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकापासून मोझांबिकपर्यंत आफ्रिकेच्या अंगावर एक प्रचंड चीर गेली आहे. भूशास्त्रज्ञ तिला खचदरी म्हणतात. पूर्वेकडचा भूभाग उरलेल्या खंडापासून हळूहळू दूर ओढला जात आहे आणि मधली जमीन खचत आहे. ही गती वर्षाला काही मिलिमीटर एवढीच. माणसाची नखे वर्षभरात जितकी वाढतात, त्याच्या निम्म्यानेही नाही. पण पृथ्वीला घाई नसते. ह्या खचलेल्या जमिनीत सरोवरांची एक माळच तयार झाली आहे. त्यांतील टांगानिका सरोवर सुमारे १,४७० मीटर खोल असून सायबेरियातील बैकल सरोवर सोडले तर त्याच्याइतके खोल सरोवर जगात नाही. क्वचित हे मंद काम एकाएकी वेग घेते. २००५ सालच्या सप्टेंबर महिन्यात इथिओपियाच्या अफार प्रांतात थोड्याच दिवसांत सुमारे ६० किलोमीटर लांबीची जमीन दुभंगली आणि काही ठिकाणी ती आठ मीटरांपर्यंत फाकली. नकाशा बदलताना माणसांना प्रत्यक्ष पाहावयास मिळण्याचे प्रसंग फार थोडे. त्यांतला हा एक.

जमीन फाटली, की आतला तप्त रस वर येण्यास वाट मिळते. खचदरीच्या आसपास म्हणूनच ज्वालामुखींची दाटी आहे. त्यांतील सर्वांत थोर किलिमांजारो. त्याची उंची ५,८९५ मीटर. सभोवार सपाट, तापलेला मुलूख आणि त्यातून एकटाच उठलेला हा पर्वत, माथ्यावर पांढरा. १८४८ साली योहानेस रेबमान ह्या जर्मन धर्मोपदेशकाने त्याच्यावरील बर्फाची वार्ता युरोपला कळविली, तेव्हा लंडनमध्ये बसलेल्या काही विद्वानांनी ती खोटी ठरविली. विषुववृत्ताजवळ बर्फ असणे शक्य नाही, असा त्यांचा तर्क होता आणि तर्कापुढे डोळ्यांचे काय चालणार! पर्वताच्या उतारावर राहणाऱ्या चग्गा लोकांना ह्या वादाची गरजच नव्हती. वर थंडी आहे आणि वरून पाणी येते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांनी त्या पाण्याचे पाट काढले आणि उतारावर केळीच्या बागा उभ्या केल्या.

त्या विद्वानांनी नाकारलेले बर्फ आता खरोखरच नाहीसे होत चालले आहे. १९१२ साली माथ्यावर जेवढे बर्फ होते, त्याच्या शंभर भागांपैकी पंचाऐंशी भाग २००७ पर्यंत गेले होते. हवा तापत आहे, हे त्याचे एक कारण. पण तेवढेच नाही. माथ्यावरची हवा पुष्कळदा गोठणबिंदूच्या खालीच असते, तरीही बर्फाचे उभे कडे झिजतात, कारण कोरड्या हवेत ऊन लागून बर्फ पाणी न होताच वाफ होऊन उडते. ती तूट भरून काढण्याइतके नवे हिम आता पडत नाही. हिम आणणारे ढग हिंदी महासागरावरून येतात. तेथील वारे आणि पाऊस ह्यांच्या घडीत बदल झाला, की त्याची खूण आठशे मजली इमारतीहूनही उंच अशा ह्या शिखरावर उमटते. मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बर्फ गेले म्हणजे चग्गांचे पाट आटतील, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्या पाटांत येणारे पाणी मुख्यतः पर्वताच्या कमरेभोवती असलेल्या दाट अरण्यावर पडणाऱ्या पावसाचे आहे. पांढऱ्या माथ्याची छायाचित्रे सारे काढतात. काळ्या-हिरव्या कमरेकडे कोणी फारसे पाहत नाही. तहान मात्र तीच भागविते.

किलिमांजारोच्या पश्चिमेला दुसऱ्या एका ज्वालामुखीने आपले शिखरच गमावले. फार प्राचीन काळी तो आतून रिता होऊन कोसळला आणि मागे राहिली ती सुमारे ६०० मीटर खोल, २६० चौरस किलोमीटरांची एक प्रचंड वाटी. हेच गोरोंगोरो. तिच्या तळाशी कुरणे आहेत, सरोवर आहे, सिंह, गेंडे आणि हत्ती आहेत. तिच्या पलीकडे सेरेंगेटीचे मैदान सुरू होते. मसाई लोकांच्या भाषेतील ह्या नावाचा आशय 'जेथे जमीन संपतच नाही' असा आहे.

सेरेंगेटीच्या आग्नेय भागात कोसच्या कोस झाड दिसत नाही. केवळ आखूड, दाट गवत. ह्याचे मूळही ज्वालामुखींतच आहे. वाऱ्याने त्यांची राख येथे आणून पसरली. पावसाने त्यातील चुना विरघळून थोड्या खोलीवर जाऊन बसला आणि त्याचा सिमेंटासारखा कठीण थर झाला. झाडांची मुळे त्या थरातून खाली जाऊ शकत नाहीत. पण त्याच राखेमुळे गवतात हाडे बळकट करणारी द्रव्ये भरपूर उतरतात. म्हणून पावसाळ्यात नू नावाची दाढीवाली, वाकड्या शिंगांची हरणे येथे येतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास, अवघ्या दोन-तीन आठवड्यांत, त्यांची लक्षावधी पाडसे जन्मास येतात. एकदम इतकी पाडसे, की सिंह आणि तरस खाऊन खाऊन थकतात आणि तरी बहुतेक पाडसे वाचतात. जन्मल्यावर काही मिनिटांतच पाडस उभे राहते; त्याला राहावेच लागते.

पाऊस संपला, की तळी आटतात आणि सुमारे तेरा लाख नू, त्यांच्याबरोबर झेब्र्यांचे आणि लहान हरणांचे मोठे कळप, पश्चिमेस आणि मग उत्तरेस निघतात. केनियाच्या हद्दीवरील मारा नदी त्यांना ओलांडावी लागते. काठावर हजारो नू खोळंबून उभे राहतात. पुढचा कचरतो, मागचे रेटतात. मग एक उडी घेतो आणि सारा कळप त्याच्यामागे पाण्यात कोसळतो. खाली मगरी टपून असतात, पण मगरींपेक्षा पुरात आणि चेंगराचेंगरीत मरणारे अधिक. दर वर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक नू येथे बुडून मरतात, असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. हे दृश्य क्रूर वाटते आणि ते क्रूर आहेच. परंतु त्या मृत देहांवर गिधाडे आणि मासे जगतात. हाडे विरघळण्यास सुमारे सात वर्षे लागतात आणि तोवर ती नदीतील शेवाळाला, त्यावरील किड्यांना आणि माशांना हळूहळू पोसत राहतात.

हे कळप सृष्टीच्या आरंभापासून असेच चालत आले असावेत, असे पाहणाऱ्यास वाटते. तसे नाही. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत गुरांची एक भयंकर साथ पसरली. महाराष्ट्रातील शेतकरी जिला बुळकांडी म्हणत, तीच ही साथ. मसाईंची जवळजवळ सारी गुरे मेली, गुरांवर जगणारी माणसे उपासाने मेली आणि रानातील नूही मेले. पुढे कित्येक वर्षे हा रोग तेथे घर करून राहिला. १९६१ च्या सुमारास सेरेंगेटीत जेमतेम अडीच लाख नू उरले होते. त्याच काळात वॉल्टर प्लॉराइट ह्या पशुवैद्याने केनियातील प्रयोगशाळेत ह्या रोगावर स्वस्त आणि खात्रीची लस सिद्ध केली. लस टोचली गेली ती गावातल्या गुरांना. रानातल्या एकाही नूला कोणी सुई लावली नाही. पण गुरांतून रोग हटला आणि तो नूंमधूनही नाहीसा झाला. १९७७ पर्यंत त्यांची संख्या तेरा लाखांवर गेली. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर वणव्यांना जळण उरेना. वणवे कमी झाले तशी रोपे वाचू लागली आणि उत्तरेकडच्या भागात पुन्हा झाडे वाढली. म्हणजे जिराफाच्या वाट्याला आलेल्या बाभळीचे मूळ शोधीत गेले, तर ते एका गोठ्यातील वासराच्या मानेवर सापडते! २०११ साली हा रोग साऱ्या पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

ह्या कथेत मसाई लोकांचे दुःख विसरता येणार नाही. त्यांची गुरे आणि रानातील पशू शतकानुशतके एकाच माळावर चरत होते. सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९५९ पर्यंत त्यांना तेथून बाहेर पडावे लागले आणि गोरोंगोरोच्या बाजूस जाऊन राहावे लागले. तेथेही त्यांच्या गुरांना किती जागा असावी, ह्याविषयीचा तंटा मिटलेला नाही. पशूंना वाट मोकळी ठेवावयाची आणि माणसांना त्यांचे घरही ठेवावयाचे, हे गणित सोपे नाही. २०१० साली मैदानाच्या उत्तर भागातून मोठा हमरस्ता नेण्याचा बेत पुढे आला, तेव्हा कळपांची वाट तुटेल म्हणून पुष्कळांनी विरोध केला. पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयाने २०१४ साली उद्यानातून डांबरी रस्ता नेण्यास मनाई केली. नूंची वाट आजही मोकळी आहे.

खंडाच्या उत्तरेस पसरले आहे ते सहारा. नव्वद लाख चौरस किलोमीटरांहून मोठे हे वाळवंट म्हणजे केवळ वाळू नव्हे. त्याचा बराचसा भाग खडकाळ आणि दगडगोट्यांचा आहे. अल्जीरियातील तासिली पठारावरील कातळांत जुनी चित्रे आहेत. त्यांत जिराफ आहेत, पाणघोडे आहेत, शिकारी आहेत आणि गुराखी आपल्या ठिपक्याठिपक्यांच्या गाई हाकीत निघाले आहेत. जेथे आज प्यावयास पाणी नाही, तेथे पाणघोडा कोणी कल्पनेने काढील काय? चित्रकारांनी जे पाहिले तेच काढले. पृथ्वी भोवऱ्यासारखी आपल्या आसावर डुलत असते आणि हे एक डुलणे पुरे होण्यास वीस हजारांहून अधिक वर्षे लागतात. त्यामुळे अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या काळात उत्तर गोलार्धातील उन्हाळे अधिक प्रखर होते. जमीन तापली, की समुद्रावरचे ओले वारे आत ओढले जातात. महाराष्ट्रात जूनमध्ये पाऊस येतो तो ह्याच न्यायाने. तेव्हा हे पावसाळी वारे सहाराच्या अंतर्भागापर्यंत पोहोचत आणि तेथे कुरणे, नद्या, सरोवरे होती.

त्या सरोवरांतील एक सध्याच्या चाड देशात होते आणि ते आजच्या संपूर्ण महाराष्ट्राहून मोठे होते. पाऊस मागे हटला तसे ते आक्रसत गेले. त्याचा उरलेला तुकडा म्हणजे चाड सरोवर. १९६० च्या दशकात त्याचे पाणी सुमारे २५,००० चौरस किलोमीटर पसरलेले होते. १९८० च्या दशकातील दुष्काळांत ते एकदशांशाच्या आसपास आले. नंतर पाऊस थोडा सुधारला आणि काही पाणी परतले, तरी काठावरच्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना पाण्यामागे आपली खोपटी हलवीत जावे लागले, ते लागलेच.

जुन्या महासरोवराचा सर्वांत खोल भाग मात्र केव्हाच कोरडा पडला. त्याला बोडेले म्हणतात. तेथील तळ पांढुरका आणि भुसभुशीत आहे, कारण तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवलांच्या कवचांचा बनलेला आहे. हिवाळ्याच्या सकाळी तिबेस्ती आणि एनेडी ह्या पर्वतांमधील खिंडारातून वारा सुटतो. दोन पर्वतांच्या कचाट्यात सापडून त्याचा जोर वाढतो आणि तो ह्या तळावर आदळतो. मग धुळीचा असा लोट उठतो, की दुपारी सूर्य दिसेनासा होतो. तेथून ही धूळ नैर्ऋत्येस निघते, सारा पश्चिम आफ्रिका ओलांडते आणि अटलांटिक महासागरावर जाते.

समुद्रापलीकडे दक्षिण अमेरिकेत अमेझॉनचे महारण्य आहे. तेथे पाऊस इतका पडतो, की जमिनीतील फॉस्फरस हे झाडांचे पोषक द्रव्य सतत धुऊन नदीवाटे समुद्रात जाते. उपग्रहांच्या साह्याने मोजल्यावर असे आढळले, की सहारातून दर वर्षी सरासरी २ कोटी ७० लक्ष टन धूळ ह्या अरण्याच्या प्रदेशावर पडते आणि तिच्यात सुमारे २२,००० टन फॉस्फरस असतो. जवळजवळ तेवढाच पावसाने वाहून जातो. ज्या वाळवंटात गवताची काडी उगवत नाही, तेथून जगातील सर्वांत मोठ्या अरण्याला खत जाते. बोडेलेच्या तळावरून उडालेला कण काही दिवसांनी ढगात मिसळतो, ढग अरण्यावर रिता होतो, आणि ज्या सरोवरात एकेकाळी पाणघोडे डुंबत होते त्याच्या तळाचा गाळ एका रुंद पानावरून ओघळत दुसऱ्या खंडातील झाडाच्या मुळाशी जाऊन बसतो.